घागरीच्या गोष्टीचं गाव

महाल, नागपूर
संक्रांतीनंतरचा रविवार, १९७९

तीर्थरूप बायजाआत्या हिच्या पायांवर लतिकाचं डोकं.

पत्रात वडीलधाऱ्यांना ‘आपण’ म्हणायचं असतं असं आम्ही शाळेत पोरांना शिकवतो, म्हणून एक वाक्य तसं लिहून टाकते. आपली प्रकृती कशी आहे, आपला उजवा गुडघा थंडीत कुरकुर करतो का, आणि शेळीनं आपल्या नव्या लुगड्याचा पदर खाल्ला ही बातमी खरी आहे का? झालं. आता पुढं ‘तू’च लिहीन, कारण ‘आपण’ म्हटलं की तुझ्या जागी मला कोणी तहसीलदारीणबाई बसलेली दिसते, आणि तिला मी मनातलं काही सांगू शकत नाही. मी खुशाल आहे. जेवते, झोपते, शाळेत जाते. घरमालकीण शोभाताई जिवाला जीव देणाऱ्या आहेत. फक्त माझ्या लग्नाचा विषय त्या रोज सकाळी नळ आल्यावर काढतात, म्हणजे मला भरती बादली टाकून पळता येत नाही. खोली बरी आहे. खिडकी आहे, आणि खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते. भिंत पिवळी आहे. उन्हं कलली की जरा वेळ ती आपल्या नदीच्या रेतीसारखी दिसते, म्हणून मी शाळेतून आल्यावर चहा तिथंच बसून पिते.

हे पत्र तुला शेजारचे रुपरावकाका वाचून दाखवतील. त्यांनाही नमस्कार. (काका, वाचताना तुम्ही पदरचं घालता हे मला ठाऊक आहे. मागच्या पत्रात मी ‘बरी आहे’ एवढंच लिहिलं होतं. तुम्ही ‘पोरगी वाळून काडी झाली पण कळवून नाही राहिली’ असं वाचलंत, आणि आत्यानं एसटीच्या कंडक्टरच्या हाती डिंकाचे लाडू धाडले. कंडक्टरनं सावनेरपर्यंत त्यातले निम्मे संपवले आणि उरलेले देताना मला म्हणाला, ‘बाई, तूप जरा कमी पडलं.’ तेव्हा या वेळी जसं आहे तसंच वाचा. मध्ये तंबाखू मळायला थांबलात तरी चालेल, पण गोष्ट बदलू नका.)

आता काय झालं ते सांगते. दिवाळीनंतर आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे कुसुमताईंनी, मला एका शिबिराला धाडलं. तिथं पुण्याहून एक गृहस्थ शिकवायला आले होते. अंगानं बारीक, आवाज मात्र देवळातल्या घंटेसारखा. त्यांचं म्हणणं असं, की आपण लहान पोरांना गोष्ट सांगतो तेव्हा त्यांना राजा कळतो, राक्षस कळतो, पण ते उभे कुठं आहेत हे कळत नाही. गोष्ट हवेत घडत नाही. तिला जागा असते, वेळ असते. तिथं उजेड कसा आहे, वास कसला येतो, पायाखाली काय लागतं, हे पोराला दिसलं पाहिजे. मग गोष्ट पाठ करावी लागत नाही, पोरगं तिच्यात जाऊन राहतं. याला ते ‘स्थळ-काळ’ म्हणायचे आणि म्हणताना दर वेळी फळ्यावर एक चौकोन काढायचे. मला फार पटलं. (शिबिरात जेवण चांगलं होतं हेही कारण असेल.) परत आल्यावर मी कुसुमताईंना सगळं इतक्या हौसेनं सांगितलं, की त्यांनी तेवढ्याच हौसेनं वर कळवून टाकलं की आमच्या शाळेत दुसरीला स्थळ-काळ शिकवतात, तपासणीच्या साहेबांनी येऊन पाहावं. साहेबांनी संक्रांतीच्या सुमारास येतो म्हणून कळवलं. मी तोवर एका पोराला एक अक्षरसुद्धा शिकवलेलं नव्हतं.

सिंहापासून सुरुवात केली. एका जंगलात एक सिंह राहत होता. मग विचारलं, की सांगा बरं, जंगल म्हटल्यावर तुम्हाला काय दिसतं? पुढच्या बाकावरचा पोरगा ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, चनेवाला.” मी म्हटलं, जंगलात चनेवाला कुठून आला? तर सगळा वर्ग मलाच समजावू लागला, की सिंह महाराजबागेत राह्यते, त्याच्या पिंजऱ्याच्या बाजूनं चनेवाला बसते, आणि रविवारी गेलं तर गर्दीत सिंह दिसतच नाही, नुसता वास येते. त्यांनी एकच सिंह पाहिलेला, तो गजाआड जांभया देणारा. मग ससा त्याला विहिरीपाशी नेणार कसा? एका मुलीनं तोडगा काढला, की ससा चौकीदाराकडून किल्ली मागून आणेल. दुसरी म्हणाली, चौकीदार माझा मामा लागतो, तो देणार नाही. तास त्या मामावरच संपला.

दुसऱ्या दिवशी राजा घेतला. राजा कुठं राहतो? महालात. इथवर उत्तर बरोबर आलं म्हणून मी खूश झाले, तर पाठोपाठ कळलं की महालात म्हणजे या आमच्या महाल वस्तीत, सायकलच्या दुकानाच्या बाजूला, आणि त्याच्या राणीला रोज पाण्यासाठी रांगेत उभं राहावं लागतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी नदी घेतली. मला वाटलं, नदी म्हटल्यावर तरी काही बिघडणार नाही. ‘एक होती नदी,’ एवढंच म्हणाले, आणि अख्ख्या वर्गानं नाकाला रुमाल लावले. ज्यांच्याकडे रुमाल नव्हते त्यांनी बाही लावली. आत्या, त्यांची नदी म्हणजे आमच्या शाळेमागून वाहणारी नाग नदी. तिच्यात अख्ख्या शहराची मोरी येऊन पडते. पोरांचं काही चुकलं नव्हतं. पण मी टेबलाला टेकून उभी राहिले आणि मला एकदम पायाखाली रेती लागल्यासारखं वाटलं, वरून ऊन लागलेली आणि आत बोटं खुपसली की गार. पोरं रुमाल धरून वाट पाहत राहिली.

या वर्गात एक मुलगी आहे, गोपिका. दिवाळीनंतर दाखल झाली. तिचे वडील इतवारीत धान्याच्या गोदामात हमाली करतात. आई चार घरची भांडी करते. मुलगी खाली मान घालून बसायची. पाढे यायचे, लिहायला यायचं, पण बोलायची नाही. फक्त ‘ही गोष्ट कुठं घडली?’ असं विचारलं की उत्तर द्यायची, आणि तिचं उत्तर एकच असायचं. सिंह कुठं राहतो? “पाण्यात.” राजा? “पाण्यात.” कापूस पिंजणारी म्हातारी? तीसुद्धा पाण्यात. पोरांनी तिचं नाव ‘मासोळी’ ठेवलं. मी पोरांना रागावले, पण मलाही वाटलं की हिला प्रश्नच कळत नसावा. कुसुमताई म्हणाल्या, साहेब येतील त्या दिवशी हिला मागच्या बाकावर बसव.

मग मी ठरवलं की जंगल वर्गातच आणायचं. शोभाताईंचं हिरवं लुगडं मागून आणलं आणि फळ्यावर पसरलं. शाळेच्या अंगणातल्या आंब्याच्या फांद्या शिपायाकडून तोडून घेतल्या आणि बाकांना बांधल्या. मधोमध पितळी परात ठेवून तिच्यात पाणी ओतलं, ते तळं. वर्गातल्या सगळ्यांत धिप्पाड पोराला सिंह केलं आणि फांद्यांच्या आड बसवलं. गोष्ट फार सुरेख रंगली. सिंहानं अशी काही डरकाळी फोडली की मी मनात म्हटलं, पुण्याचे गृहस्थ इथं हवे होते. त्यानं दुसरी फोडली, मग तिसरी, मग तो अंगातला सदरा काढून वर्गभर नाचू लागला, तेव्हा मला कळलं की फांद्यांना लाल मुंग्यांचं घरटं होतं. ससा बाकावर चढला. हरणं खिडकीतून बाहेर गेली. गडबड कसली म्हणून कुसुमताई धावत आल्या आणि नेमक्या तळ्यात उतरल्या. सिंह रडत घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली, आणि तिची डरकाळी ऐकल्यावर पोराचा आवाज कुठून आला ते समजलं. शोभाताईंचं लुगडं चिकानं डागाळलं. त्यांनी फक्त दुसऱ्या दिवशी नळावर एका वकिलाचं स्थळ सुचवलं, आणि मला ते पूर्ण ऐकून घ्यावं लागलं.

त्या दिवशी खिडकीत बसून चहा पिताना मला तुझा फार राग आला. तू मला कधी स्थळ-काळ शिकवलं नाहीस. अंगणात बाज टाकून तू गोष्ट सांगायचीस आणि प्रत्येक गोष्ट आपल्या खाप्यातच घडायची. राक्षस कापसाच्या जिनिंगच्या मागं राहायचा. राजकन्या नाक्यावर जकात भरायची. परी यायची ती डांगरांच्या वाडीत उतरायची, कारण नदीच्या रेतीत पिकणारी, खरबुजासारखी गोड डांगरं तिला आवडायची. मला कधी विचारावं लागलं नाही की हे कुठं आहे. सकाळी उठून मी तिथं जाऊन पाहून यायची. राक्षस दिसला नाही तर तू म्हणायचीस, “सावनेरच्या बाजाराले गेला असन.” आई गेल्यानंतरचा तो सगळा काळ मी त्या गोष्टींत राहिले, असं आता वाटतं. तू मला घरात घेतलंस हे सगळ्यांना दिसलं, पण तू मला असं आणखी एका गावातही घेतलं होतंस. तेही खापाच होतं, फक्त त्यात कोणी मरत नव्हतं.

(काका, इथं आत्या पदर डोळ्याला लावेल. तिला सांगा, पुढं साहेब येणार आहेत, ऐकत राहा.)

म्हणून दुसऱ्या दिवशी मी सिंह आणि राजा दोन्ही सोडून दिले आणि तुझी घागरीची गोष्ट सांगायला घेतली. तुला आठवते ना? सोनकी नावाची पोर नदीवर पाण्याला जाते, घागर हातातून सुटते आणि वाहत जाते, आणि सोनकी काठाकाठानं तिच्या मागं निघते. मी नदीचं नाव कन्हान आहे असं आधीच सांगून टाकलं, म्हणजे रुमाल निघायला नको. मग घाट सांगितला, त्याची तुटकी पायरी सांगितली, तिच्यावर शेवाळ असतं आणि म्हाताऱ्या बाया तिथं हात धरून उतरतात तेही. रेती सांगितली. उन्हाळ्यात पात्र आटलं की रेतीत हातानं झिरा खणायचा, आधी गढूळ पाणी येतं, मग जरा थांबलं की निवळ, आणि ते ओंजळीनं प्यायचं. पलीकडच्या काठाला जाणारा डोंगा सांगितला. सोनकी बगळ्याला विचारते, घागर दिसली का? बगळा म्हणतो, पुढं गेली. ती धोब्याला विचारते, डोंगेवाल्याला विचारते. जो तो म्हणतो, पुढं गेली. आत्या, बाहेर आकाश पतंगांनी भरलेलं होतं, संक्रांतीचे दिवस, एरवी या दिवसांत पोरांच्या माना खिडकीकडंच असतात. पण कोणी तिकडं पाहिलं नाही. घंटा झाली ती मलाही ऐकू आली नाही. शेजारच्या वर्गातल्या पार्वतीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि घंटा झाल्याचं सांगायचं सोडून स्वतःच ऐकत बसल्या. त्या दिवशी मी सोनकीला डोंग्यापर्यंत आणून सोडलं आणि बाकीचं उद्या म्हटलं, तुझ्यासारखंच.

आणि त्या उद्याच साहेब आले. मनोहरराव त्यांचं नाव. उंच, काळा कोट, बगलेत कागदांची फाइल. आवाज मात्र मऊ. कुसुमताईंनी त्यांना हार घातला आणि गोपिकाला मागच्या बाकावर नेऊन बसवलं. मी सिंहाची गोष्ट सांगावी असं ठरलं होतं, पण मी तोंड उघडायच्या आत पोरांनीच साहेबांना सांगितलं की आम्हाला घागर ऐकायची आहे. मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. साहेब आधी लिहीत होते, मग त्यांनी लिहिणं थांबवलं. डोंग्यापर्यंत आल्यावर मी शिबिरातला प्रश्न विचारला, की सांगा, ही गोष्ट कुठं घडली?

सगळे एकसुरात म्हणाले, “खाप्याले, बाई.” कुसुमताईंचा चेहरा उजळला. तेवढ्यात मागच्या बाकावर गोपिका उभी राहिली.

“खाप्याले नाई, बाई. आमच्या मोहाटोल्याले.”

पोरं हसायच्या बेतात होती. मी शिबिरातलं सगळं विसरले आणि आपल्या घरच्या बोलीत विचारलं, “काहून वं?”

“आमच्या घाटावर मोहाचं झाड होतं,” ती म्हणाली. “त्याच्या मुळ्या पाण्यात आलेल्या. वाहून आलेली घागर तेथीच अडकते. माह्या मायची बी अडकली होती. घाटाच्या वर मारुती, मारुतीच्या मांगं आमचं घर, घराच्या मांगं भुईमूग.”

“मंग आता कुठी हाये ते?” सिंह झालेल्या पोरानं विचारलं. त्याचा चेहरा अजून मुंग्यांनी सुजलेला होता.

“तेथीच हाये. पाण्यात हाये.” तिनं हे असं सांगितलं, जसं आपण बाजारात आहे, शाळेत आहे म्हणतो. “धरण बांधलं त पाणी वर आलं. आमी बैलबंडीत सामान भरून निंघालो. मी मांगं पाहून राहिली होती, त मारुतीचा कळस दिसे. मंग तोबी नाई दिसला.”

मला सिंह आठवला, राजा आठवला, कापूस पिंजणारी म्हातारी आठवली. पोरीनं एकदाही चूक उत्तर दिलं नव्हतं. ती सगळ्यांना आपल्या गावी नेऊन ठेवत होती, आणि तिचं गाव तिथंच होतं, पाण्यात. इतर पोरं महाराजबागेत सिंह ठेवायची, मी माझे राक्षस खाप्यात ठेवले होते, तसंच तिनं केलं होतं. पारशिवनीच्या वरच्या अंगाला कुठं तरी तिचं गाव होतं, एवढं मला शाळेच्या कागदांवरून ठाऊक होतं. तिथं धरण झालं हेही कधी तरी कानावर आलं होतं. पण या दोन गोष्टी मी एकीपाशी एक आणून ठेवल्या नव्हत्या.

साहेबांच्या फाइलीत स्थळाच्या पुढं काळाचा रकाना असावा, कारण त्यांनी घसा साफ करून विचारलं, “बेटा, आणि केव्हा घडली ही गोष्ट?”

पोरांना उत्तर पाठ होतं. मीच घोकून घेतलं होतं, ‘फार फार वर्षांपूर्वी’. ते म्हणायला सगळ्यांची तोंडं उघडली. पण गोपिका अजून उभीच होती.

“पाणी यायच्या आधी,” ती म्हणाली.

मी फळ्याकडे तोंड केलं आणि जे आधीच पुसलेलं होतं ते पुसत राहिले. साहेबांनी चष्मा काढला, रुमालानं बराच वेळ पुसला आणि परत घातला. अंगणात एक कटलेला पतंग येऊन पडला, त्याच्या मागं गल्लीतली पोरं ओरडत आत शिरली, आणि माझ्या वर्गातलं कोणी उठलं नाही. मग साहेब म्हणाले, “बाई, पुढं काय झालं? घागर सापडली का?”

आत्या, मला ते माहीत नाही.

मी तिथं उभी राहून आठवू लागले. बगळा आठवला, धोबी आठवला, डोंगेवाला आठवला, आणि त्यानंतर तुझा हात आठवला, माझ्या डोक्यावरून फिरणारा, मेथीचा वास असलेला. पुढं काहीच नाही. मी दर वेळी डोंग्यापाशी झोपून जायची. सकाळी विचारलं तर तू म्हणायचीस, “झोपली त झोपली, आज पुन्हा सांगीन,” आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचीस, आणि मी पुन्हा डोंग्यापाशी झोपायची. मी साहेबांना म्हटलं, बाकीचं उद्या. ते हसले. जाताना गोपिकापाशी थांबले आणि तिला विचारलं की मारुतीचं तोंड कोणीकडं होतं. ती म्हणाली, नदीकडं.

त्या दिवसापासून वर्गात जे झालं ते कोणत्याही शिबिरात सांगितलेलं नाही. ‘मासोळी’ नाव कोणी घेत नाही. मधल्या सुट्टीत पोरं गोपिकाभोवती बसतात आणि विचारतात, मारुतीच्या उजवीकडं कोणाचं घर, विहीर कुठी, शाळा कुठी. ती खडूनं फरशीवर काढून दाखवते. आता सिंह महाराजबागेत राहत नाही. तो मोहाटोल्याच्या नाल्यात राहतो आणि त्याला कोणाच्या मामाकडून किल्ली आणावी लागत नाही. राजाचा वाडा भुईमुगाच्या वावरात आहे. काल पार्वतीबाईंनी त्यांच्या वर्गात एक नवीच गोष्ट सांगितली, तर त्यांची पोरंसुद्धा म्हणाली, मोहाटोल्याले घडली. अख्ख्या शाळेच्या गोष्टी आता त्या एका गावात घडतात, आत्या. कुसुमताई म्हणतात, हे स्थळ-काळात बसत नाही. मी म्हटलं, बसत नसेल तर नसू द्या.

पण रोज सकाळी मी वर्गात शिरले की पहिला प्रश्न, घागर सापडली का? मी माझ्या मनचे शेवट करून पाहिले. घागर सापडली असं सांगितलं, तर गोपिकानं विचारलं, “मंग पाणी उतरलं का?” मला हो म्हणवलं नाही. दुसऱ्या दिवशी घागर फुटली असं सांगितलं, तर दोन मुली रडू लागल्या आणि सिंह माझ्याकडे रागानं पाहू लागला. तिसऱ्यांदा घागर समुद्राला मिळाली असं सांगितलं. तेव्हा एकानं विचारलं, समुद्र कामठीच्या अलीकडं की पलीकडं? आणि त्यावरून जे भांडण जुंपलं त्यात दिवस गेला. गोपिका भांडली नाही. ती फक्त माझ्याकडे पाहत होती. तिला ठाऊक होतं की बाईला माहीत नाही.

इथं थंडी बोचरी आहे. संत्र्याचे ढीग रस्त्यावर लागले आहेत, पण चव आपल्याकडची नाही, किंवा चव तीच असेल आणि मी नागपुरात बसून खाते म्हणून तशी लागत असेल. संध्याकाळी भिंत पिवळी होते तेव्हा तुझी फार आठवण येते. तब्येतीला जप. गुडघ्याला तेल लाव, नुसतं लावते असं सांगू नको. तुझ्या पायाशी बसून गोष्ट ऐकता ऐकता झोपलेली, आणि अजून पुरती जागी न झालेली,

लतिका

ता. क. घागरीचा शेवट काय, ते लवकर कळव. (काका, आत्या सांगेल तसंच लिहा. तुम्ही स्वतः शेवट करू नका. तुमच्या हाती दिलं तर सोनकीचं डोंगेवाल्याशी लग्न लावून मोकळे व्हाल.)

ता. क. दुसरी. लिहू की नको असं करत होते. मनोहररावांनी शाळा पाहून झाल्यावर मला बाजूला बोलावलं आणि म्हणाले, खाप्याला एका शाळेत बाईंची जागा रिकामी आहे, तुम्ही तिथल्याच दिसता, माझ्या ओळखीनं सहज होईल. वर लिहिलेलं सगळं वाचून तुला वाटेल की मी सामानच बांधायला घेतलं असेल. मी त्यांना नाही म्हटलं. माझं खापा तिथंच आहे, केव्हाही गाडीत बसलं की दिसतं. या पोरांना मी अर्ध्या वाटेवर डोंग्यापाशी सोडून कशी येऊ? तू रागावशील. रागाव, पण पुढचं ऐक.

ता. क. तिसरी, आणि ही काका, सावकाश वाचा. शेवट लिहून धाडू नको. कागदावरचा शेवट मी वाचून दाखवीन आणि तो पुन्हा माझाच होईल. तू स्वतः ये. नागपूरचं पाणी बाधतं, गाडीत पाय अवघडतो, शेळीकडे कोण पाहील, हे सगळं मला तू दर वर्षी सांगतेस. पाणी शोभाताई उकळून देतील, शेळी पलीकडच्या वच्छलाकडं ठेव. वर्गात तुझ्यासाठी खुर्ची नको, बाज लागेल, ती पार्वतीबाई घरून आणणार आहेत. घागरीचं काय झालं ते तू गोपिकाला तुझ्या तोंडानं सांग. तुझ्या गोष्टीत ते खरं असेल. कोणत्या गाडीनं निघतेस ते तेवढं कळव. आम्ही स्टँडवर तासभर आधीच येऊन बसू. आम्ही म्हणजे मी आणि गोपिका. तिनं हट्टच धरला आहे की मलाही न्या, मला खाप्याहून येणारी गाडी पाहायची आहे. तिच्या गावाहून आता कोणतीच गाडी येत नाही.